पिवळ्या जर्सीवरचा निळा डाग

शनिवार, २२ नोव्हेंबर

शेजारच्या ब्लॉकमधली मधुरा सुट्टी संपवून आज नाशिकहून परतली. तिच्या बॅगेतून आलेलं आपलं सामान :

भाजणी, दोन किलो – ३६० रुपये
मेतकूट, अर्धा किलो – १८०
फुलवाती, दोन पाकिटं – ६०
नव्या वर्षाची दिनदर्शिका, तिथीवार असलेली – ५०
गूळ, लहान ढेप – ७०
नानांची औषधं, तीन महिन्यांची – २,१४०
नानांच्या ट्रंकेतलं खाकी कागदाचं पुडकं – किंमत नाही. आत जुना कपडा असावा.

पुडकं हातात दिलं तेव्हा नानांनी ते नुसतं हुंगलं आणि कपाटावर ठेवून दिलं. माझ्या सासऱ्यांना इथे आखातात, मेसईदला येऊन आज महिना झाला. माई गेल्या त्याला वर्ष झालं. नाशिकच्या घरात एकटे किती दिवस काढणार, म्हणून ह्यांनी हट्टानं आणलं. पण माणूस बोलतच नाही. चहा, मग खिडकी, मग जेवण, मग खिडकी. खिडकीतून दिसतं काय, तर आमची बाल्कनी, कंपनीचं मैदान आणि लांब प्लँटची धुराडी. आज विचारलं, नाना, भाजी कोणती करू? म्हणाले, “कोणतीही.” लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण नानांशी माझं “कोणतीही” आणि “बरं” ह्यापलीकडे बोलणं झालेलं नाही. पूर्वी मधे माई असायच्या.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज मोठं काम झालं. रविवार इथे कामाचाच दिवस, त्यामुळे हे प्लँटवर, गार्गी शाळेत, नाना हॉलच्या खिडकीत. म्हटलं, त्यांची खोली झाडून घ्यावी. कपाटावरच्या पुडक्याला असा कुबट वास! देवघर त्याच खोलीत, असला वास तिथे बरा नव्हे. उघडलं तर आत पिवळा सदरा. लांब बाह्यांचा, जाड सुती, छातीवर शिवलेला पांढरा बगळा. आणि बगळ्याच्या खाली, पोटावर, कुणीतरी निळ्या शाईनं गिरबटून ठेवलेलं. ह्यांचंच काम असणार. लहानपणी हे फार वात्रट होते असं माई सांगायच्या.

आधी कोमट पाण्यात पावडर घालून तासभर भिजवला. पाणी चहासारखं झालं. मग डागाला लिंबू-मीठ चोळून उन्हात धरला. फिकट झाला, गेला नाही. टूथपेस्ट लावली, तेवढंच. मग आठवलं, कोविडातल्या सॅनिटायझरच्या दोन बाटल्या सिंकखालच्या कपाटात पडून आहेत. तारीख उलटून गेली होती पण टाकवत नव्हत्या. आतून जुनं फडकं धरलं आणि कापसानं थेंब थेंब सोडत टिपत गेले. दोन बाटल्या आणि पाऊण तास. सगळा निघाला! एक रेघ म्हणून राहिली नाही. इतक्या वर्षांचा डाग, आणि नवा खर्च शून्य.

बाल्कनीत वाळत घातला तेव्हा झेंडूच्या फुलासारखा दिसत होता. देवापुढे उभी राहून म्हटलं, तुझी कृपा. इस्त्री करून नानांना रात्री दाखवणार होते, पण ते जेवलेच नाहीत. पोट जड आहे म्हणाले, लवकर झोपले. उद्या मुगाची खिचडी करावी.

सोमवार, २४ नोव्हेंबर

काय करून बसले मी!

न्याहारीला गार्गीनं विचारलं, “आजोबा, व्हॉट वॉज इन दॅट पार्सल?” पंधरा वर्षांची मुलगी, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. नाना म्हणाले, “जर्सी आहे. मी अमेरिकेत होतो ना दोन वर्षं, तुझा बाप लहान असताना? तिथल्या गोलकीपरची. मी बघितलेल्या शेवटच्या मॅचनंतर अंगातली काढून दिली त्यानं मला. वर स्वतःच्या हातानं लिहून दिलं.”

माझ्या हातातली पळी खिचडीत पडली.

“व्हॉट डिड ही राइट?”

“सांगेन कधीतरी,” नाना म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “जयमाला, पुडकं दिसलं नाही कपाटावर?”

“आत ठेवलंय, नाना. हवा दमट आहे ना.”

“बरं.”

खोटं बोलले. तेही सोमवारी, उपास असताना.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

रात्रभर विचार करून एक युक्ती काढली. काय लिहिलं होतं ते नानांकडून काढून घ्यायचं आणि गार्गीकडून तसंच लिहवून घ्यायचं. तिचं इंग्रजी अक्षर छान आहे. मग स्नान करून देवापुढे बसले तर मान वर करवेना. म्हणजे आधी पुसायचं, मग खोटी सही करायची? नाही, हे काही खरं नाही. पण काय लिहिलं होतं ते तरी कळलं पाहिजे.

चहा घेऊन खिडकीपाशी गेले. “नाना, तो गोलकीपर कोण होता हो?”

नानांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं जणू मी आताच दारातून आत आले. आणि बोलायला लागले. साडेदहा ते साडेबारा! कुकर लावायचा राहिला.

ते असं. ओहायो राज्यातलं कार्व्हर फॉल्स नावाचं गाव. नाना तिथल्या कारखान्यात ड्रॉइंगच्या कामाला. बर्फ, एकटेपणा, खायला ब्रेड आणि बटाटा. एका शनिवारी किराणा दुकानाच्या दारात कुडकुडत उभा असलेला उंच इंग्रज माणूस जाणाऱ्या-येणाऱ्याला तिकिटं वाटत होता. लोक त्याला चुकवून जायचे. तिकडे फुटबॉल म्हणजे हातात धरून पळायचा, अंड्यासारखा चेंडू. ह्या गोल चेंडूचा पगारी संघ गावात नवा निघाला होता, नाव हेरन्स, म्हणजे बगळे. आणि तिकिटं वाटणारा हा त्यांचा गोलकीपर, अल्बर्ट टॅटरसॉल.

मी म्हटलं, “गोलकीपरच तिकिटं वाटायचा? शिपाई नव्हता?”

“सगळेच वाटायचे. सकाळी शाळांमधून मुलांना शिकवायचे, दुपारी दुकानांच्या दारात, संध्याकाळी सराव. लोकांना नियमच माहीत नव्हते ना, म्हणून मॅच चालू असताना लाउडस्पीकरवरून समजावून सांगायचे, आता शिट्टी का वाजली, आता चेंडू कोणाचा. बरोबरी झालेली तिकडच्या लोकांना खपायची नाही. मग पस्तीस यार्डांवरून एकेकानं चेंडू घेऊन गोलकीपरवर चालून जायचं, पाच सेकंदांत गोल करायचा.”

“आणि लिहिलं काय होतं त्यानं?”

“सांगेन. ती जर्सी आण ना जरा.”

मी कुकर लावायला पळाले.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पूजा मांडली, कहाणी वाचली, सगळं केलं, लक्ष कशात नाही. वरच्या मजल्यावरची रबिया प्रसादाला आली, तिला एकटीला गाठून सगळं सांगितलं. रबिया हैदराबादची. ऐकून सोफ्यावर आडवी व्हायची बाकी राहिली.

“अरे जया! दो बोतल सॅनिटायझर! तू तो सबूत मिटा दी पूरे के पूरे!”

“हसू नकोस ग. मुझे रात को नींद नहीं आती.”

“तो रोती क्यों है? जिसने लिखा, वो मर गया क्या?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. संध्याकाळी गार्गीला विश्वासात घेतलं. ती आधी किंचाळली, “आई, यू वॉश्ड अ मॅच-वॉर्न जर्सी?” मग शहाण्यासारखी म्हणाली, शोधते. आजोबांना सांगायचं नाही अशी देवाची शपथ घातली. ती म्हणाली, “ओके, बट धिस इज हिलॅरियस.”

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

नाना म्हणाले, मैदानावर चार वाजता मॅच असते, मी जाऊन येतो. महिन्यानंतर पहिल्यांदा पायात बूट घातले. एकटं कसं पाठवायचं, वारा सुटलेला. ह्यांची शिफ्ट होती. म्हणून मी थर्मास आणि स्वेटर घेऊन गेले.

मॅच कंपनीतल्या कंपनीत. मेंटेनन्स विरुद्ध पोर्ट. बघायला आम्ही धरून सहा माणसं. मला काही कळलं नाही. बावीस माणसांत एकच चेंडू, आणि तो मिळाला की लगेच दुसऱ्याला देऊन टाकायचा. मेंटेनन्सचा गोलकीपर अम्मार, सुदानचा इलेक्ट्रिशियन, ह्यांच्या हाताखालीच आहे. तीन गोल खाल्ले बिचाऱ्यानं.

संपल्यावर मी पिशवी भरली, तर नाना जाळीला धरून उभे. निघेनात. सगळे खेळाडू बाटल्या उचलून चालू लागले तेव्हा नानांनी अम्मारला हाक मारली, जाळीतून बोटं घालून त्याच्याशी हात मिळवला आणि म्हणाले, “आय वॉज हिअर टिल द एंड.”

अम्मार गोंधळला. मग त्यानं विचारलं, तुमचं नाव काय.

येताना मी म्हटलं, “हरलेल्या माणसाला कशाला थांबवायचं नाना, त्याला लाज वाटत असेल.” नाना म्हणाले, “टॅटरसॉल सात गोल खाऊन पण यायचा कुंपणापाशी. त्यांचा नियमच होता. शेवटच्या माणसाशी हात मिळवल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. पाऊस असो, हार असो.”

“मग तुम्हाला किती वेळ थांबावं लागायचं?”

“मी शेवटी असायचो,” म्हणाले. घराशी आल्यावर विचारलं, “जर्सी कुठल्या कपाटात आहे म्हणालीस?”

गुरुवार, ४ डिसेंबर

दत्तजयंती. सुंठवडा केला. गार्गीनं शाळेतून आल्या आल्या सांगितलं, की हेरन्सचे म्हातारे चाहते अजून आहेत! फेसबुकवर त्यांचा गट आहे. मी म्हटलं, संघ आहे अजून? नाही म्हणे, संघ १९८१ सालीच बंद पडला, पैसे संपले. संघ नाही आणि चाहते आहेत, हे म्हणजे देऊळ पडल्यावर पालखी निघण्यासारखंच झालं. गार्गीनं तिथे लिहून टाकलंय, आमच्या आजोबांची जर्सी माझ्या आईनं धुतली, मदत करा. “माझ्या आईनं” असं लिहायची काय गरज होती?

रोज दहा वाजता नानांशी बसावं लागतं, ते शब्द काढून घ्यायला. आज शाळेतला प्रकार सांगितला. टॅटरसॉल जिममध्ये शंभर पोरांना रांगेत उभं करून प्रत्येकाला एक एक गोल मारू द्यायचा आणि मुद्दाम उलट्या बाजूला पडायचा. मूळ गोष्टीवर काही येत नाहीत. शेवटी “जर्सी कुठंय” हे ठरलेलं. मी रोज नवं कपाट सांगते. घरात कपाटं तीनच आहेत.

रविवार, ७ डिसेंबर

संकष्टी. चंद्रोदयाची वाट बघत होते, तेवढ्यात गार्गी पळत आली. उत्तर आलं होतं, डॉट नावाच्या बाईचं. स्कूल बस चालवून रिटायर झालेली, अठ्ठावन्न वर्षांची. गार्गीनं वाचून मराठीत सांगितलं. मुलीला इतकं मराठी येतं हे मला माहीत नव्हतं. आठवेल तसं लिहिते :

“मी अकरा वर्षांची होते. टॅटरसॉल आमच्या शाळेत आला, मला गोल मारू दिला, नाव विचारलं. तीन आठवड्यांनी मी वडिलांच्या मागे लागून मॅचला गेले. संपल्यावर कुंपणापाशी हजार माणसं असतील, त्यानं मला नावानं हाक मारली. त्या दिवसापासून मी हेरन्सची. संघ चव्वेचाळीस वर्षांपूर्वी बुडाला. तरी दर ऑगस्टमध्ये आम्ही जुन्या मैदानाच्या जागी जमतो. तिथे आता मॉलचं पार्किंग आहे. पिवळे कपडे घालून, घरून डबे आणून बसतो. गेल्या वर्षी एक्केचाळीस जण होतो.

“तुमचे आजोबा मला आठवतात! तपकिरी ओव्हरकोट, लोकरीची टोपी. आम्ही त्यांना ‘आफ्टर यू’ म्हणायचो, कारण ते दुसरा शब्दच बोलायचे नाहीत. कुंपणापाशी त्यांचा नंबर आला की मागच्या पोराला पुढे करायचे. मग त्याच्या मागच्याला. एक माणूस दोन वर्षांचं पोर खांद्यावर घेऊन यायचा, त्याला तर ते नेहमी सगळ्यांच्या आधी काढायचे. एकदा त्यांनी त्या बापाला विचारलं होतं, मी जरा घेऊ का ह्याला?”

हे सोफ्यावर पेपर वाचत होते. मधेच चष्मा काढून पुसायला लागले. एसीनं काचांवर बाष्प धरतं, कितीदा सांगितलं कमी ठेवा म्हणून. मग उठून नानांच्या खोलीत गेले. आतून बोलण्याचा आवाज येत होता. चंद्र कधी उगवला कळलंच नाही, नैवेद्य साडेआठला.

मुख्य गोष्ट राहिली. टॅटरसॉल जिवंत आहेत! एक्क्याऐंशी वर्षांचे, मुलीकडे राहतात. ऐकू येत नाही, फोन नको म्हणतात, कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. पण डॉटबाई लिहितात, त्यांना पत्र लिहिलं तर उत्तर येतंच. आलेल्या प्रत्येक पत्राला ते स्वतःच्या हातानं उत्तर देतात. म्हणतात, पत्र पाठवणारा कुंपणापाशी उभाच असतो.

पत्ता लिहून घेतला आहे.

शुक्रवार, १२ डिसेंबर

मेंटेनन्सची तिसरी मॅच. (गेल्या शुक्रवारची लिहायची राहिली, एक-एक बरोबरी.) नाना म्हणाले तू दमली असशील, घरी राहा. मी म्हटलं, वारा आहे, थर्मास कोण धरणार? रबिया पण आली, बरोबर आबिदा नावाची तिची नणंद. बघायला आज बावीस जण.

अम्मारचं मला पटत नाही. उजवीकडे झेप छान घेतो, डावीकडचं आधीच सोडून देतो. नानांना सांगितलं तर म्हणाले, “बरोबर आहे तुझं, सांग त्याला.” मी कशाला सांगू? पण दुसऱ्या हाफमध्ये पोर्टवाल्यांचा तो लांब केसांचा डावीकडून निघाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “यल्ला अम्मार, डावीकडे! डावीकडे रे!” यल्ला म्हणजे ‘चल’ एवढंच इथलं, बाकी मराठीतच. त्यानं अडवला! रबियानं माझ्याकडे असं पाहिलं की बस.

दोन-एक जिंकलो. म्हणजे मेंटेनन्स.

संपल्यावर अम्मार स्वतःच जाळीपाशी आला. मागून दहाही जण. नानांनी त्याला काय सांगितलंय कोण जाणे. प्रत्येकाशी हात मिळवत आले. मी नमस्कार केला तर अम्मारनं पण हात जोडले आणि (त्यांच्यात आईला मामा म्हणतात) विचारलं, “मामा, व्हॉट इज डावीकडे?”

गुरुवार, १८ डिसेंबर

आज इथला राष्ट्रीय दिन, सगळ्यांना सुट्टी, आणि मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. ह्या वर्षी असा योग! उद्यापन, पाच सवाष्णी, पुरण. आणि चार वाजता मैदानावर खास सामना, मेंटेनन्स विरुद्ध सिक्युरिटी.

पुरण पहाटे चारला शिजत घातलं. सवाष्णींना साडेबाराला बोलावलं. मधुरा म्हणाली, “अग, दरवर्षी संध्याकाळी असतं ना?” मी म्हटलं, दिवस लहान आहेत. कहाणी वाचली, एक ओळ गाळली नाही. आरती जरा उरकली. देवी समजून घेईल.

बरोबरी, दोन-दोन. मग पेनल्टी. मी डोळे मिटून अथर्वशीर्ष सुरू केलं, आवर्तन पुरं व्हायच्या आत आरडाओरडा. अम्मारनं दोन अडवल्या. एक डावीकडची!

शनिवार, २० डिसेंबर

सांगून टाकलं.

पत्र पाठवायचं तर जर्सी पाठवायला हवी, आणि ती नानांना न विचारता कशी पाठवायची? काल दिवसभर धीर झाला नाही. आज सकाळी इस्त्री केलेली जर्सी ताटासारखी दोन हातांवर घेऊन खिडकीपाशी गेले. म्हटलं, “नाना, मला क्षमा करा. मी धुतली. सगळं गेलं. मला वाटलं डाग आहे.”

नानांनी घडी उलगडली. जिथे लिहिलेलं होतं तिथे तळवा फिरवला.

“फार स्वच्छ निघाली,” म्हणाले. “उन्हात वाळत होती तेव्हाच बघितली मी. इथूनच बाल्कनी दिसते.”

मी म्हटलं, “मग तेव्हाच का बोलला नाहीत?”

“त्या दिवशी खरंच पोटात दुखलं. मग म्हटलं, तू गाणं गुणगुणत होतीस. ती पण असंच करायची, डाग निघाला की.”

ती म्हणजे माई.

“अहो, पण मग महिनाभर रोज ‘जर्सी कुठंय’ म्हणून विचारत का होता?”

“चहा टाक,” म्हणाले, आणि खिडकीकडे बघून हसत बसले.

वय झालं, विसरत असतील. पुढच्या वेळी डॉक्टरांना बी-बाराच्या गोळीचं विचारायला हवं.

चहा पिताना शेवटी ते शब्द सांगितले. इतके दिवस मला वाटत होतं पानभर मजकूर असेल. एवढंच : “नानाला, कुंपणावरच्या शेवटच्या माणसाला. ए. टॅटरसॉल.”

मंगळवार, ६ जानेवारी

अंगारकी. मधले दिवस लिहिलं नाही, मोदक, पाहुणे, मॅचेस. (मेंटेनन्स दोन जिंकले, एक हरले. हरले ती रेफ्रीची चूक.) उद्या हे वक्र्याला, जवळच्या गावी, पोस्टात जाणार आहेत. पत्राचा मसुदा इथेच उतरवून ठेवते. गार्गी त्याचं इंग्रजी करणार आहे. तिला बजावलंय, स्वतःच्या मनानं काही घालायचं तर मला विचारून.

॥ श्री ॥

श्री. अल्बर्ट टॅटरसॉल यांस, जयमालाचा सादर नमस्कार.

आपली-माझी ओळख नाही. मी नानांची सून. मी दहावी शिकलेली, फुटबॉलमधलं मला काही कळत नाही, फक्त गोलकीपरनं डावीकडेही लक्ष ठेवावं एवढं कळतं. आपण १९७९ साली नानांना दिलेली जर्सी त्यांनी सेहेचाळीस वर्षं जपली, आणि मी एका दुपारी धुतली. आपले शब्द गेले. चूक सर्वस्वी माझी. नाना रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्त वाईट वाटतं.

जर्सी सोबत पाठवत आहे. नानांनी स्वतः घडी घातली. आपण पुन्हा काही लिहिलं नाही तरी चालेल असं ते म्हणतात. मला चालणार नाही. तेच शब्द त्याच जागी, बगळ्याच्या खाली, लिहावेत ही विनंती. पेन सोबत ठेवलं आहे. दुकानदारानं न निघणारं म्हणून दिलं, पण मी फडक्यावर लिहून, सॅनिटायझर, लिंबू-मीठ आणि टूथपेस्ट लावून खात्री करून घेतली आहे. जात नाही.

आपल्या प्रकृतीसाठी आज गणपतीला एकवीस दूर्वा वाहिल्या आहेत. आपला नियम इथे चालू झाला आहे. आमचा गोलकीपर अम्मार मॅचनंतर सगळ्यांना घेऊन जाळीपाशी येतो. नोव्हेंबरात सहा माणसं बघायला होती, गेल्या शुक्रवारी चौसष्ट होती, मी मोजली. लेबर कँपहून बसनं पण येतात. नाना पोरांना पुढे करत करत मागेच राहतात. “आता माझा मुलगापण येतो,” असं नाना मला सांगतात. म्हणजे माझे यजमान, वय वर्षं पन्नास. परवा नानांनी त्यांनाही खांद्याला धरून पुढे केलं.

नाना एक दुरुस्ती सांगतात. त्यांचं म्हणणं, शेवटचा माणूस आता मी नाही, माझ्या मागे हल्ली कुणीतरी उभं असतं. तिथे तर मीच असते, पण माझ्या हातात थर्मास असतो म्हणून मागे राहते, त्यात दुसरं काही नाही. तरी शब्द बदलू नयेत. जुने आहेत तेच बरे.

डॉटबाई म्हणाल्या, आपण प्रत्येक पत्राला उत्तर देता, कारण पत्र पाठवणारा कुंपणापाशी उभा असतो. आम्ही घरातले चौघंही उभे आहोत. सवड होईल तेव्हा लिहावं, हाताला त्रास करून घेऊ नये. मात्र जर्सी सुखरूप पोहोचली एवढं तरी उलट टपाली कळवावं.